पंख्याला जाळी नसलेला १०० वॉटचा बेस ॲम्प : नऊ महिने वापरल्यावर

१४ एप्रिलला, भीमजयंतीच्या कार्यक्रमात, तिसरं गाणं सुरू असताना माझ्या बेस गिटारचा ॲम्प (आवाज वाढवून ऐकवणारं स्पीकरचं खोकं) गेला. पुढे सगळा चौक भरलेला, गायिका अंतऱ्यावर आलेली, आणि माझ्या पोटरीला जाणवणारी थरथर एकदम थांबली. मागे वळून पाहिलं तर लाल दिवा. मी वाजवणं सोडलं. तिकडे मिक्सरवरचा साउंडवाला भाऊ दोन्ही हात वर करून खुणावून राहिला होता, वाजव, वाजव! समोरच्या लोकांना माझा बेस व्यवस्थित ऐकू येत होता. बंद पडला होता तो फक्त स्टेजवरचा आवाज. पुढची तीन गाणी मी स्वतःचं वाजवणं न ऐकता, ढोलकीवाल्याच्या हाताकडे बघत काढली. वीसेक मिनिटांनी दिवा आपोआप हिरवा झाला.

हे सगळं लिहायला बसलो तो त्या लाल दिव्यामुळे. ॲम्पचं नाव लिहीत नाही, कारण सर्व्हिसवाल्यांशी माझं भांडण अजून मिटलेलं नाही. मागे उघडा पंखा असलेला कुठलाही ॲम्प तुमच्याकडे असेल तर हे तुमच्याही कामाचं आहे. १०० वॉट, १२ इंची एक स्पीकर, क्लास डी पॉवर (कमी तापणारी, हलकी बनावट), वजन १६ किलो. बाकीचं खोक्यावर छापलेलं असतं.

आमचा ऑर्केस्ट्रा यवतमाळ जिल्ह्यातला, पांढरकवड्याकडचा. भीमगीतं, गणपती, दुर्गा उत्सव, लग्नसराईत हळदीचे कार्यक्रम. ऑक्टोपॅड, ढोलकी, कीबोर्ड, बेंजो, बेस गिटार आणि दोन गायक. ॲम्प घेण्याआधी चार वर्षं मी सरळ मिक्सरमध्ये वायर लावून वाजवत होतो. मला स्टेजवर काय ऐकू येईल ते साउंडवाल्याच्या मर्जीवर. आणि आमच्याकडच्या साउंडवाल्यांना बेसचा मॉनिटर (वाजवणाऱ्याने स्वतःला ऐकायचा स्पीकर) मागितला की उत्तर ठरलेलं, "बेस तर हायेच ना भाऊ, अठरा इंची चार लावले!" त्यांच्या भाषेत बेस म्हणजे खालचे मोठे डबे, वर ठेवतात ते टॉप. ते डबे लोकांकडे तोंड करून असतात. स्टेजवर मागे येतो तो नुसता घुमारा, सूर कळतच नाही. त्या घुमाऱ्यावर ढोलकीसोबत वाजवलं की हात मागे पडतो. खालच्या ई तारेचा सूर ४१ हर्ट्झचा, त्याची एक लाट आठ मीटरहून लांब. ती सगळीकडून फिरून येते, बोट नेमकं कधी पडलं ते त्यातून सापडत नाही.

आमचे कीबोर्डवाले भाऊ म्हणायचे, कायले खर्च करतं, माझ्याच ॲम्पमध्ये लाव. मी त्यांना सांगितलं की फेंडरने १९५१ साली प्रिसिजन बेस बाजारात आणला आणि १९५२ मध्ये त्याच्यासाठी बेसमन नावाचा वेगळा ॲम्प काढला. म्हणजे बेसचं दुसऱ्याच्या ॲम्पवर भागत नाही हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं. गिटारच्या छोट्या ॲम्पमध्ये बेस लावून त्याचा स्पीकर फाटलेला मी स्वतः पाहिला आहे. कागदी कोन पुढेमागे इतका धावतो की कडेची घडी सुटते.

निवडायला तीन होते. ४० वॉटचा छोटा, १०० वॉटचा हा, आणि ५०० वॉटचा हेड (स्पीकर नसलेला नुसता ॲम्प) व वेगळा स्पीकरचा डबा. मन तिसऱ्यावर होतं. पण वॉट दुप्पट केले तर आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो आणि कानाला दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल, म्हणजे दहापट वॉट लागतात, हा हिशेब कळल्यावर ५०० चा मोह गेला. लोकांना ऐकवायला साउंडवाल्याचे डबे आहेतच. मला ऐकायचं होतं माझ्यापुरतं, सहा फुटांवरून, ऑक्टोपॅडच्या वर. ४० वॉट त्याला पुरत नव्हते, एका मित्राकडचा तालमीत वाजवून पाहिला तर पूर्ण वाढवल्यावर फरफर करत होता. १०० चा साडेसव्वीस हजारांना घेतला, ऑगस्टमध्ये, गणपतीच्या आधी, नागपूरहून. माझ्यासाठी ही रक्कम मोठी आहे, कित्येक क्विंटल कापूस विकावा तेव्हा इतके पैसे हाती येतात. पुढचा सगळा त्रागा त्या हिशेबातून वाचावा.

पहिले तीन महिने मी या ॲम्पला नावं ठेवत होतो ते वेगळ्याच कारणाने. जी हा सूर. ई तारेवर तिसऱ्या पट्टीत बोट ठेवलं की तालमीच्या खोलीत भिंती गरगरायच्या, शेजारचा एफ आणि ए मात्र साधे. कार्यक्रमात तोच जी वाजवला की त्याच्याखाली एक गुणगुण, आणि दोन्ही मिळून आवाज लाटेसारखा वर-खाली. मी ठरवून टाकलं की स्पीकरच खराब आहे. दसऱ्यानंतर ॲम्प उचलून नागपूरला नेला. दुकानदाराने माझ्यासमोर जी वाजवला. स्वच्छ. बाकी सुरांसारखाच.

परत येताना हिशेब केला तेव्हा उलगडलं. तो जी ४९ हर्ट्झचा, त्याची लाट सात मीटरची, अर्धी साडेतीन मीटर. आमची तालमीची खोली साडेअकरा फूट रुंद, म्हणजे जवळपास साडेतीन मीटरच. खोलीच तो सूर धरून ठेवत होती. ॲम्प कोपऱ्यात, फरशीवर ठेवलेला, त्यामुळे अजूनच. कोपऱ्यातून दोन-अडीच फूट बाहेर काढला, लाकडी स्टुलावर ठेवला, ॲम्पवरची बेसची, म्हणजे खालच्या आवाजाची, खुंटी थोडी मागे घेतली आणि भिंती शांत झाल्या. स्टेजवरची गुणगुण म्हणजे आपली लाईट, ५० हर्ट्झ आणि त्याची दुप्पट १००. माझा जी ४९ चा, त्याच्या वरच्या सप्तकातला ९८ चा. एवढे जवळचे दोन आवाज एकत्र आले की लाटा येणारच. ॲम्पची त्यात काही चूक नव्हती. तेव्हा ज्यांच्याजवळ त्याची बदनामी केली त्या सगळ्यांना मी नंतर फोन करून सांगितलं.

गुणगुण यायची कारण ॲम्प एका बोर्डावर, मिक्सर दुसऱ्या बोर्डावर, आणि मधून डीआयची, म्हणजे ॲम्पमधून सरळ मिक्सरला आवाज नेणारी, वायर. अर्थिंगचे दोन रस्ते झाले की फेरा तयार होतो आणि त्यात लाईटचा आवाज शिरतो. ॲम्पच्या मागे ग्राउंड लिफ्टचं बटण आहे, ते एक्सएलआर (तीन पिनांच्या) वायरीतली पहिल्या, अर्थिंगच्या पिनेची जोडणी तोडतं, गुणगुण तिथेच थांबते. आमच्याकडे काही जण यावर उपाय म्हणून प्लगची तिसरी, जाडी पिन मोडून टाकतात. कृपा करून हे करू नका. गावातल्या मांडवात लाईट कुठून आणली, अर्थिंग आहे की नाही, कोणाला माहीत नसतं. ओठ माईकला लागला की झटका बसतो तो यातूनच. मी आता मल्टिमीटर सोबत ठेवतो. वाजवायच्या आधी एक टोक गिटारच्या तारेला, दुसरं माईकच्या जाळीला, एसी व्होल्टवर. काटा हलला तर आधी वायरी तपासायच्या, गाणं नंतर. गायिकेचे वडील पहिल्यांदा हे बघून म्हणाले होते, "पोरगं डॉक्टरवानी तपासते." आता तेच आठवण करून देतात.

डीआयबद्दल एवढंच की प्री (ॲम्पच्या खुंट्यांच्या आधीचा आवाज) आणि पोस्ट (नंतरचा) असं बटण असतं, ते प्रीवर ठेवा. मी माझ्या खुंट्या फिरवल्या तरी समोरच्या लोकांचा आवाज बदलत नाही. एप्रिलमध्ये पॉवरचा भाग तापून बंद झाला तेव्हा पुढचा भाग चालू होता आणि डीआय जात राहिला, म्हणून कार्यक्रम वाचला. हेडफोनची सोय चांगली आहे, रात्री घरी कोणाची झोप न मोडता वाजवता येतं. बाहेरचा डबा जोडायची जागा आहे. आतला स्पीकर ८ ओहमचा, बाहेर दुसरा ८ चा लावला की ४ होतात आणि ॲम्प तेवढंच झेलतो. एका मंडळाने प्रेमाने त्यांचा ४ ओहमचा डबा देऊ केला होता, मी घेतला नाही. ८ आणि ४ मिळून पावणेतीनच्याही खाली येतात, पॉवर जळायला तेवढं पुरे.

आता पंखा.

आमची तालीम एका जिनिंगच्या, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्याच्या, मागच्या खोलीत होते. जागा फुकट मिळते, आवाजाची कोणाची तक्रार नाही. दिवाळीपासून कापूस यायला लागतो आणि तेव्हापासून हवेत रुई असते. दिसत नाही, पण संध्याकाळी उजेड तिरपा आला की लाखो तंतू तरंगताना दिसतात. भुवयांवर बसतात, ढोलकीच्या दोरीत अडकतात. माझ्या ॲम्पचा पंखा ती हवा आत ओढत होता, महिनोन्‌महिने, आठवड्यातून चार संध्याकाळी. मागे फक्त बोट जाऊ नये म्हणून तारेचे तीन गोल आहेत. जाळी नाही.

१४ एप्रिलनंतर ॲम्प ट्रॅव्हल्सच्या गाडीने दीडशे किलोमीटरवर नागपूरला पाठवला. वॉरंटी एक वर्षाची, नववा महिना सुरू. एकोणीस दिवसांनी फोन आला : आत धूळ गेली आहे, वॉरंटीत बसत नाही, तपासणीचे नऊशे रुपये भरा. मी विचारलं, धूळ आत कोणी नेली? पंखा तुमचा, भोक तुमचं, जाळी तुम्ही दिली नाही. फोनवरचा मुलगा म्हणाला, "सर, धुळीच्या जागी वापरू नका असं पुस्तकात आहे." विदर्भात धूळ नसलेली जागा मला दाखवा. एप्रिलमध्ये दुपारी ४३ च्या वर पारा, मांडवात मातीचं अंगण, पाणी मारलं तरी तासात सुकतं. वस्तू इथे विकायची, पैसे इथले घ्यायचे आणि इथली हवा मात्र चालायची नाही. नऊशे रुपये भरून ॲम्प तसाच परत आणला. याचा राग अजून आहे आणि तो राहणार.

मग आमच्या गावच्या रेडिओ-टीव्हीवाल्या काकांनी तो उघडला. माझ्यादेखत. उष्णता बाहेर टाकणाऱ्या ॲल्युमिनियमच्या पात्यांमध्ये रुईचं अक्षरशः लोकर झालं होतं, मातीने राखाडी झालेलं, गोधडीत भरतात तसं घट्ट बसलेलं. काकांनी चिमट्याने टोक धरून ओढलं तर सगळं एका तुकड्यात निघून आलं, पात्यांचे खाचे उमटलेले. पंख्याच्या मध्याला तंतू गुंडाळून तो निम्म्याच वेगाने फिरत होता. काकांनी लाल दिव्याकडे बोट दाखवून सांगितलं, "यानं वाचवलं तुले. बंद झाला नसता तर जळला असता." त्या संध्याकाळी ज्या दिव्याचा मला राग आला होता त्याने माझे साडेसव्वीस हजार राखले. पॉवरचा भाग करणाऱ्याने काम चोख केलं आहे, हे मी मान्य करतो. म्हणूनच जाळीचं जास्त लागतं. एवढं सगळं केलं आणि वीस रुपयांचं राहिलं. नवा पंखा, ६० मिलिमीटरचा, १२ व्होल्टचा, १८० रुपयांना मिळाला.

जाळी मी केली. आधी पंखा हवा आत घेतो की बाहेर टाकतो ते बघायला अगरबत्ती धरली, धूर आत गेला. जाळी हवा आत जाते तिथेच लावायची. पहिल्यांदा जुन्या ओढणीचा दुहेरी कपडा लावला, पंचवीस मिनिटांत ॲम्पची पाठ हात ठेववेना. वाराच अडला होता. मग मच्छरदाणीचा एकेरी तुकडा. रुई अडते, बारीक माती थोडी जाते, वारा पुरता मिळतो. चिकटवायला डिंक नको होता, कारण धुवायला काढायची आहे. जुन्या फ्रिजच्या दाराचं रबर भंगारवाल्याकडून दहा रुपयांत आणलं. त्यात आतून चुंबकाची पट्टी असते, ती कापून चौकट केली. ॲम्पची मागची पट्टी लोखंडी आहे, चौकट टचकन बसते, नखाने निघते. तेव्हापासून दोन कार्यक्रम आणि सहा तालमी झाल्या, लाल दिवा नाही.

नवीन घेणाऱ्याला माझं सांगणं असं की वॉट विचारण्याआधी ॲम्प उलटा फिरवून बघा. पंखा असेल तर जाळी आहे का, ती काढून धुता येते का. पंखाच नसलेला आणि मागे मोठी ॲल्युमिनियमची पाती असलेला जुन्या पद्धतीचा मिळत असेल तर वजन जास्त असूनही विचार करा, आमच्याकडे तो टिकेल. मला आज परत घ्यायचा असता तर? महिन्याभरापूर्वी म्हटलं असतं, हा कधीच नाही. आता आवाज ऐकून, त्या डीआयसाठी, आणि १६ किलो मोटरसायकलवर मागे बांधून नेता येतात म्हणून हाच घेतला असता, पण त्याच दिवशी मच्छरदाणी कापली असती.

कंपनीला पत्र लिहिलं आहे, सोबत त्या निघालेल्या गठ्ठ्याचा फोटो. उत्तर आलं की आपला अभिप्राय नोंदवला आहे. मी दुसरं पत्र पाठवलं, त्यात चौकटीचं माप दिलं.

परवा वणीकडे हळदीचा कार्यक्रम आहे, दुपारी चारपासून मांडवात. जाळी धुऊन दोरीवर वाळत टाकली आहे.