युरोपच्या एआय कायद्याचा मोफत वाटाड्या: एक परीक्षण

युरोपीय संघाचा कृत्रिम बुद्धिमत्ता कायदा ११३ कलमे, १८० प्रास्ताविक परिच्छेद आणि १३ परिशिष्टे एवढा विस्तारलेला असून तो राजपत्रातून सलग वाचणे वकिलालाही जड जाते. फ्यूचर ऑफ लाइफ इन्स्टिट्यूट या ना-नफा संस्थेच्या संकेतस्थळावर त्यासाठी दोन साधने मोफत मिळतात: मजकूर कलमवार दाखवणारा ‘एआय ॲक्ट एक्सप्लोरर’ आणि आपल्या प्रणालीवर कोणती बंधने येतात हे प्रश्नोत्तरांतून सांगणारा ‘कंप्लायन्स चेकर’. प्रगत प्रणालींचे प्रशिक्षण सहा महिने थांबवा, असे मार्च २०२३ मधले खुले पत्र याच संस्थेचे होते. तेव्हा तिचा कल कडक नियमनाकडे आहे, हे ध्यानात ठेवून तिचे लेख वाचावेत. कायद्याचा मजकूर मात्र जसाच्या तसा आहे.

एक्सप्लोररबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. कलमासोबत त्याच्याशी निगडित प्रास्ताविक परिच्छेदांचे दुवे मिळतात, ही त्याची मोठी सोय. कलमांचे सारांश यंत्राने लिहून माणसाने संपादित केलेले आहेत आणि ते बंधनकारक नाहीत, हे तिथेच नमूद केले आहे. या विषयावरच्या संकेतस्थळाला ते शोभतेही.

खरी किंमत चेकरची आहे, कारण त्याच्या प्रश्नांमधून कायद्याची विचारपद्धती कळते. तुम्ही प्रणालीचे निर्माते आहात, आयातदार आहात की केवळ ती वापरणारी संस्था, तिचे निष्कर्ष युरोपात वापरले जातात का, आणि ती कोणत्या कामासाठी आहे, याची विचारणा होते. मोठ्या सामान्य-उद्देश मॉडेलांचा (म्हणजे अनेक प्रकारची कामे करू शकणाऱ्या मॉडेलांचा) स्वतंत्र विभाग सोडला, तर आतले तंत्र कोणते हा मुद्दा दुय्यम ठरतो. कॉल सेंटरमधील कर्मचाऱ्याच्या आवाजावरून त्याची मनःस्थिती ओळखणाऱ्या प्रणालीवर, वैद्यकीय व सुरक्षेची कारणे वगळता, २ फेब्रुवारी २०२५ पासून बंदी आहे. तीच प्रणाली ग्राहकाच्या आवाजावर लावली, तर ती बंदीत न येता उच्च जोखमीच्या, म्हणजे कडक अटींसह परवानगी असलेल्या, वर्गात मोडते. तंत्र दर वर्षी बदलते, पण मालकापुढे नोकराची बाजू दुबळी असते हे बदलत नाही, म्हणून नियमन वापरावर बेतणे मला योग्य वाटते.

उणीव आहे ती कायद्याच्या कलम ६ मध्ये, आणि तिच्यावर कोणत्याही प्रश्नावलीकडे उतारा नाही. परिशिष्ट ३ मध्ये, म्हणजे उच्च जोखमीच्या कामांच्या यादीत, असलेल्या कामासाठीची प्रणालीही, ती किरकोळ किंवा पूर्वतयारीचेच काम करते असे निर्मात्याने स्वतः ठरवले, तर उच्च जोखमीतून सुटू शकते. व्यक्तींचे प्रोफाइलिंग (म्हणजे वैयक्तिक माहितीवरून त्यांच्याविषयी आपोआप अंदाज बांधणे) करणाऱ्या प्रणालींना ही सूट नाही आणि सूट घेणाऱ्याने आपले मूल्यमापन लिहून ठेवायचे आहे, हे खरे; तरीही पहिला निवाडा ज्याचा धंदा आहे त्याच्याच हाती राहतो. चेकर तुमचे उत्तर खरे मानून पुढे जातो, त्यामुळे त्याचा निकाल तुमच्या प्रामाणिकपणाइतकाच भरवशाचा असतो. शिवाय नोव्हेंबर २०२५ मध्ये युरोपीय आयोगाने उच्च जोखमीच्या तरतुदींची मुदत पुढे ढकलण्याचा प्रस्ताव मांडला, म्हणून तारखा अधिकृत राजपत्रातूनच घ्याव्यात.

युरोपात ग्राहक असलेल्या पुण्यातील सॉफ्टवेअर कंपन्यांना याचा थेट उपयोग आहे. उमेदवारांचे अर्ज चाळून त्यांची गुणवत्ता ठरवणारी प्रणाली जर्मन कंपनीला विकली, तर तिची नोंद उच्च जोखमीत होते. भारतातल्या नोकरीसाठी नागपूरच्या उमेदवारावर तीच चालवताना मात्र अशी वर्गवारी लागू होत नाही, कारण भारत सरकारने नोव्हेंबर २०२५ च्या मार्गदर्शक तत्त्वांमध्ये स्वतंत्र कायदा तूर्तास नको अशी भूमिका घेतली आहे. अशा कंपन्यांनी करारापूर्वी चेकर एकदा भरावा, दिलेली उत्तरे जपून ठेवावीत आणि ती आपल्या वकिलाकडून तपासून घ्यावीत. वकिलाची फी वाचणार नाही, पण त्याला नेमके काय विचारायचे हे कळेल.