हेडनोट झाकून निकाल वाचायला लावणारा क्लास, सहा रविवारांचा माझा अनुभव

मी बीए एलएलबीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, हिंगणघाटची, बारावीपर्यंत मराठी मीडियम. पहिलं अख्खं वर्ष गाईडवर काढलं आणि मार्कही बरे मिळाले. पण सुट्टीत एका वकील सरांच्या ऑफिसला बसायला लागले, ते एवढंच म्हणाले की या मुद्द्यावर सुप्रीम कोर्टाचं काही आहे का बघ, आणि मला सुरुवात कुठून करायची हेच कळून नाही राहिलं. दोन तास नुसतं गूगल केलं, शेवटी सरांनीच पाच मिनिटांत काढलं. ते काही बोलले नाहीत पण मला त्या रात्री झोप नाही लागली. म्हणून हा लीगल रिसर्चचा क्लास लावला. सहा रविवार, सकाळी १० ते १, फी ३५०० रुपये, बॅचमध्ये आम्ही १४ जण, नागपूरच्या शंकर नगर मेट्रो स्टेशनवरून चालत जाता येतं.

पहिला रविवार पूर्ण कायद्याच्या मूळ मजकुरावर, म्हणजे बेअर अ‍ॅक्टवर गेला. मला वाटलं होतं यात काय शिकायचं, पण क्लास घेणाऱ्या मॅडमनी राज्यघटनेचं कलम १२ काढायला लावलं आणि विचारलं, इथे 'मीन्स' लिहिलंय की 'इन्क्लूड्स'? 'मीन्स' म्हटलं की व्याख्या तेवढ्यावरच थांबते, 'इन्क्लूड्स' म्हटलं की दार उघडं राहतं, आणि तिथे 'इन्क्लूड्स' आहे, शिवाय 'अदर ऑथॉरिटीज' हे शब्दही आहेत, त्यामुळे पुढे सरकारी कॉर्पोरेशनसारख्या संस्थासुद्धा 'राज्य' ठरू शकल्या. वर्षभर कलम १२ पाठ म्हणत होते मी, तो एक शब्द कधी दिसलाच नव्हता.

दुसरा आणि तिसरा रविवार, यासाठीच मी हे एवढं लिहून राहिली आहे. मॅडमनी मथुरा केसचा, म्हणजे मथुरा नावाच्या मुलीवरच्या पोलीस ठाण्यातल्या बलात्काराच्या खटल्याचा निकाल दिला, तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य, आणि प्रत्येकाच्या झेरॉक्सवर हेडनोटच्या (निकालाच्या वर छापलेल्या सारांशाच्या) जागी कोरा कागद स्टेपल केलेला. म्हणाल्या, हेडनोट कोर्ट लिहीत नाही, संपादक लिहितो, तो निकालाचा भाग नाही, आधी स्वतः वाचा, मग कागद काढा. सायटेशन, म्हणजे निकाल कुठे छापलाय त्याचा पत्ता, एआयआर १९७९ एससी १८५: वर्ष, कोर्ट, पान. मी लगेच वहीत 'निकाल १९७९' लिहिलं आणि तिथेच चुकले, कारण निकाल १५ सप्टेंबर १९७८ चा आहे, छापून आला १९७९ च्या अंकात. (आणि हे एआयआर, ऑल इंडिया रिपोर्टर, आपल्या नागपूरचं, काँग्रेस नगरातलं, हे मला नागपुरात राहून माहीत नव्हतं.)

मग तीन रंगाचे पेन. निळ्याने घटना, हिरव्याने दोन्ही बाजूंचे मुद्दे, लालने कोर्टाने कशामुळे ठरवलं तेवढंच, म्हणजे रेशो. देसाईगंजच्या पोलीस ठाण्यातली १९७२ ची घटना, चंद्रपूरच्या सेशन कोर्टाने पोलिसांना सोडलं, हायकोर्टाच्या आपल्या नागपूर खंडपीठाने दोषी धरलं, सुप्रीम कोर्टाने पुन्हा सोडलं. एकच पुरावा आणि तीन कोर्टं. खंडपीठाचं म्हणणं होतं की भीतीने गप्प राहणं म्हणजे संमती नव्हे, आणि सुप्रीम कोर्टाने नेमका तोच फरक मानला नाही. आम्ही सगळ्यांनी लाल रेघ वेगवेगळ्या ठिकाणी मारली होती, त्यावर दीड तास वाद झाला, एका मुलीचा आवाज भरून आला, मॅडमनी तिला थांबवलं नाही, फक्त म्हणाल्या की आता तुला जे वाटलं ते निकालातल्या कोणत्या परिच्छेदावर बोट ठेवून सांगशील? १९७९ मध्ये कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं ते तेच करतं, निकालातल्या वाक्यांवर बोट ठेवून विचारतं. पुढे १९८३ मध्ये कायदा बदलला, पुरावा कायद्यात ११४-अ आलं, कोठडीतल्या बलात्कारात संबंध सिद्ध झाला आणि बाईने कोर्टात संमती नव्हती असं सांगितलं की कोर्टाने तसंच गृहीत धरायचं. आज ते पुरावा कायद्याच्या जागी आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात कलम १२० आहे. एका निकालापासून आजच्या कलमापर्यंतचा सगळा रस्ता आम्ही स्वतः शोधत गेलो, ते विसरणं शक्यच नाही.

चौथ्या रविवारी प्रश्न दिला: चोरी ३० जून २०२४ ला झाली, केस आज चालू आहे, कलम कोणतं? अर्ध्या वर्गाने बीएनएस (भारतीय न्याय संहिता) ३०३ लिहिलं. पण नवा कायदा १ जुलै २०२४ पासून लागू, त्यामुळे गुन्ह्याला जुनं आयपीसी ३७९ च. आधी तारीख बघायची सवय तिथून लागली. तसंच निकाल आज जिवंत आहे का तेही बघायचं, आणीबाणीतला एडीएम जबलपूर निकाल १९७६ चा, तो २०१७ मध्ये पुट्टास्वामीत, म्हणजे प्रायव्हसीच्या केसमध्ये, नऊ न्यायाधीशांच्या पीठाने मोडीत काढला.

ऑनलाइन शोधण्याचा भाग पाचव्या रविवारी. सुप्रीम कोर्टाच्या निकालांसाठी ई-एससीआर आणि कायद्यांसाठी इंडिया कोड, दोन्ही फुकट आहेत, महागडं सबस्क्रिप्शन नसलं तरी पोरांचं अडत नाही हे मॅडमनी करून दाखवलं. खंडपीठाच्या निकालावर बीएचसी-एनएजी असा न्यूट्रल सायटेशन (कोर्टानेच निकालाला दिलेला नंबर) असतो तो कसा वाचायचा तेही कळलं. आमच्यातल्या एकाने एआयला विचारून पाच केसची यादी आणली होती, मॅडमनी सगळ्यांसमोर एकेक शोधायला लावली आणि दोन कुठेच नव्हत्या. न्यूयॉर्कमध्ये २०२३ मध्ये अशाच खोट्या केस दाखल केल्याबद्दल वकिलांना ५००० डॉलरचा दंड झाला होता हेही सांगितलं. त्याला रागावल्या नाहीत, पण पुढच्या वेळेस तो प्रत्येक केसची प्रिंट घेऊनच आला.

आता जे नाही आवडलं ते. झेरॉक्स इतकी फिकट की मथुरा केसची दोन पानं मी मैत्रिणीच्या मोबाईलवर वाचली. मे महिन्यात बॅच आणि कूलरमध्ये पाणी संपलेलं, बारानंतर डोकं चालत नाही बाप्पा, तीन तासात एक ब्रेक तरी पाहिजे. सहावा रविवार मेमो, म्हणजे शोधलेल्या कायद्याचं टिपण, लिहिण्याचा होता तो फार घाईत उरकला, प्रत्येकाचं लिखाण तपासायला वेळच उरला नाही, आणि मला त्याचीच सगळ्यात जास्त गरज होती. आणि मराठीत थोडं तरी लिहून घ्यायला पाहिजे होतं, जिल्हा कोर्टात निम्मी कागदपत्रं मराठीत असतात.

जूनमध्ये त्याच सरांकडे परत गेले. चेक बाउन्सच्या मॅटरमध्ये नोटीसच्या मुदतीवर काहीतरी बघ म्हणाले. आधी निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याचं कलम १३८ पूर्ण वाचलं, परंतुकासकट, मग निकाल, मग तो नंतर कुठे बदलला का. ४० मिनिटं लागली. सरांनी प्रिंट वाचली, दोन ठिकाणी खुणा केल्या आणि फाईलला लावली.

लावणार असाल तर पहिल्या वर्षातच लावा, लॅपटॉप नसला तरी चालतं, तीन रंगाचे पेन आणि राज्यघटनेची स्वतःची प्रत मात्र न्या. आणि मॅडम, हे वाचत असाल तर सातवा रविवार वाढवा, फी थोडी जास्त घ्या, पण मेमो तपासून द्या.