पाइपाला खाच पाडायची: ग्राइंडरने की होलसॉने?

खळ्यावर पत्र्याची शेड घाला नाहीतर अंगणात झोपाळ्याचा सांगाडा उभा करा, गोल पाइपाच्या अंगाला दुसरा गोल पाइप जोडायची वेळ येतेच. सरळ कापलेलं तोंड गोल पाठीवर दोनच ठिकाणी टेकतं, बाजूंना फट राहते. ती वेल्डिंग रॉडने भरून काढणारे पुष्कळ आहेत. पण अशा भरावात बारीक भोकं राहतात, त्यातून समुद्राची खारी हवा पाइपात शिरते आणि गंज आतून खात जातो. वरून रंग शाबूत दिसतो, आत पाइप पोकळ होत असतो. म्हणून अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत कुठेही काम करत असाल, तर पाइपाच्या तोंडाला दुसऱ्याच्या पाठीवर चपखल बसेल अशी गोल खाच पाडण्यात जाणारा वेळ वाया जात नाही.

टोक हातोडीने चेपून वेल्ड करायची पद्धत सगळ्यात झटपट, पण किनाऱ्यावर ती नकोच. चेपलेल्या घडीत ओल धरते आणि तिथे ब्रश पोचत नाही.

उरतात दोन मार्ग. पहिला चार इंची ग्राइंडरचा. तो बहुतेकांच्या घरी असतोच. त्याला जोड हवी कागदी साच्याची. उदाहरण एक इंची मध्यम पाइपाचं घेऊ, निळ्या पट्ट्याचा. त्याचा बाहेरचा व्यास 33.7 मिमी, जाडी 3.2 मिमी. 106 मिमी लांबीची कागदाची पट्टी कापा, तिचे आठ सारखे भाग पाडा आणि घडीच्या रेषांवर कडेपासून 7, 4, 0, 4, 7, 4, 0, 4, 7 मिमी अशा खुणा करा. खुणा गोलाईने जोडून कापलं की साचा तयार. तो पाइपाच्या टोकाला गुंडाळून मार्करने रेघ मारा. एक मिमीच्या कटिंग व्हीलने रेघेच्या अलीकडे तिरके छेद घ्या, मग फ्लॅप डिस्कने (सँडपेपरच्या पाकळ्यांची चकती) रेघेपर्यंत या. कटिंग व्हीलच्या बाजूने घासू नका, ते फुटतं. गार्ड काढू नका आणि चेहऱ्यावर शील्ड घ्या.

हे आकडे आतल्या व्यासावरून काढलेत, त्यामुळे पाइपाची आतली कड पाठीवर टेकते आणि बाहेर व्हीसारखी जागा उरते. अडीच मिमीचा रॉड तिथे मुळापर्यंत उतरतो. सारख्या व्यासाच्या, काटकोनातल्या जोडालाच हे आकडे चालतात; कोन बदलला की साचा नव्याने काढावा लागतो.

दुसरा मार्ग होलसॉ, म्हणजे ड्रिलला लावायची कडेला दात असलेली गोल करवत, आणि पाइप व होलसॉ नेमक्या कोनात धरणारा जिग. खाच अगदी एकसारखी पडते, आणि जिगवर कोन लावला की तिरका जोडही विनासायास निघतो. फक्त बाजूची टोकं सुरीसारखी पातळ होतात आणि आर्क लागताच जळतात. वेल्डिंगआधी ती दोन-तीन मिमी घासून बोथट करा.

खरी अडचण ड्रिलची आहे. 35 मिमीच्या बायमेटल होलसॉला लोखंडात मिनिटाला साधारण अडीचशे फेरे पुरतात. साधं हातड्रिल त्याच्या कितीतरी पट वेगाने फिरतं. अशा वेगात दात निळे पडून बोथट होतात, आणि होलसॉ अडकला तर मनगटाला जबर हिसका बसतो. म्हणजे जिगसोबत कमी वेगाचं ताकदवान ड्रिल किंवा ड्रिल प्रेस आणि कटिंग ऑइल धरूनच खर्चाचा हिशेब करा. जिगची किंमत तेवढी बघून निर्णय घेतला तर फसाल.

होलसॉ घेण्याआधी व्हर्नियरने पाइप मोजा. हार्डवेअरच्या दुकानात एक इंची पाइप मागितला तर 33.7 मिमीचा मिळतो. फर्निचरची एक इंची ट्यूब मात्र बाहेरून 25.4 मिमी भरते. 33.7 च्या पाइपाला 35 चा होलसॉ चालतो, फट नगण्य राहते. ग्राइंडरवाल्याला साइजचं हे बंधन नाही, कागद बदलला की झालं.

माझं मत स्पष्ट आहे: एक शेड, एक झोपाळा, एखादं गेट एवढंच काम असेल तर ग्राइंडर आणि कागद. पहिल्या दोन-चार खाचा भंगारातल्या तुकड्यांवर पाडा, हात बसतो. रेलिंगसारखे एकाच मापाचे ढीगभर जोड असतील, किंवा गावात लोकांची कामं घ्यायची असतील, तर जिग वसूल होतो. दीड-दोन मिमी जाडीच्या ट्यूबलाही मी जिगच सुचवेन, कारण तिथे जरा फट राहिली की रॉड भोक पाडतो.

पाइप जीआयचा, म्हणजे जस्ताचा थर दिलेला असेल तर दोन्ही मार्गांत एक काम वाढतं. जोडापासून इंचभर जस्ताचा थर घासून काढा आणि वेल्डिंग उघड्यावर, वाऱ्याची दिशा बघून करा. जस्त 907 अंश सेल्सियसला उकळतं, त्याच्या धुराने थंडी वाजून ताप भरतो. वेल्डिंगनंतर स्लॅग (जोडावर जमलेली काचेसारखी खपली) झाडून, तारेच्या ब्रशने घासून लगेच झिंकयुक्त प्रायमर मारा. उघडं लोखंड रात्रभर ठेवलं तर इथे सकाळी त्यावर तांबूस थर आलेला असतो.