रेडक्रॉसची कुटुंब-शोध सेवा : सीमाभागातून अर्ज करताना

युद्धात संपर्क तुटलेल्या माणसाचा शोध घेणारी ही सेवा पूर्ण मोफत आहे. बेळगाव, खानापूर, निपाणीकडची ज्यांची मुलं आखातात किंवा जहाजावर आहेत, त्यांनी ती माहीत करून घ्यावीच. अर्ज भारतीय रेडक्रॉस सोसायटीकडे किंवा रेडक्रॉसच्याच आंतरराष्ट्रीय समितीच्या (आयसीआरसी) फॅमिली लिंक्स संकेतस्थळावरून होतो.

अर्ज अडतो तो बहुतेक नावावर. आधारवर कन्नडवरून उतरलेलं स्पेलिंग, शाळेच्या दाखल्यावर मराठी वळणाचं, पासपोर्टवर तिसरंच. सगळी रूपं लिहा, वडिलांचं नाव आणि जन्मतारीखही. बेळगाव शहराचं इंग्रजी नाव २०१४ मध्ये बदलून ‘बेळगावी’ झालं, त्यामुळे जुन्या पासपोर्टवर ‘बेलगाम’ असेल तर दोन्ही नावं द्या. शेवटचा फोन कधी, कुठून आला आणि तेव्हा सोबत कोण होतं, हे जितकं नेमकं तितका शोध सोपा.

रेडक्रॉस संदेश, म्हणजे रेडक्रॉसमार्फत आपल्या माणसाला पाठवलेली चिठ्ठी, उघडाच जातो आणि वाटेत वाचला जातो. त्यात फक्त घरची खबर लिहावी. सैन्य, राजकारण यांचा उल्लेख असला तर तो अडकतो. युद्धकैद्याला तर १९४९ च्या तिसऱ्या जिनिव्हा करारानुसार छावणीत पोहोचल्यापासून आठवड्याच्या आत घरी कार्ड पाठवू देणं बंधनकारक आहे.

सेवा संथ आहे, महिनोन्महिने लागतात, आणि माणूस सापडला तरी त्याच्या संमतीशिवाय पत्ता मिळत नाही. हा नियम योग्यच आहे. मायदेशी परत आणण्यासाठी मात्र भारतीय दूतावासात किंवा परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवर वेगळी नोंद करा, तीही अर्ज कराल त्याच दिवशी.