टाकी भरल्याचं कळायला कुठला बोर्ड: उनो, ईएसपी३२ की रास्पबेरी पाय?

गच्चीवरची टाकी भरली की खाली स्वयंपाकघरात बझर वाजावा, हा अनेकांचा पहिला प्रकल्प असतो. माझं मत आधीच सांगतो. ब्रेडबोर्ड (सोल्डरिंग न करता वायरी खोचून जोडायची पट्टी) कधी हातात धरला नसेल तर आर्डुइनो उनो हा प्रोग्राम करता येणारा छोटा बोर्ड घ्या. पाण्याची पातळी मोबाइलवर बघायची असेल तर ईएसपी३२ हा तसाच, पण वाय-फाय असलेला बोर्ड. रास्पबेरी पाय या कामाला नको. तो मेमरी कार्डवरून लिनक्स चालवणारा पूर्ण संगणक आहे. कॅमेऱ्यासाठी, घरच्या सर्व्हरसाठी छान. पण अचानक वीज गेली की कार्डवरचा डेटा बिघडू शकतो, आणि आपल्याकडे वीज सांगून जात नाही.

आर्डुइनोची सुरुवात २००५ मध्ये इटलीतल्या इव्रेआत, डिझाइनच्या विद्यार्थ्यांसाठी झाली. नवख्याला सांभाळून घेण्याचा तो गुण उनोत आजही आहे. उनो आर३ मध्ये १६ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर आणि फक्त २ केबी रॅम, पण सेन्सरपासून पाण्यापर्यंतचं अंतर मोजून बझर वाजवायला तेवढं भरपूर झालं. एचसी-एसआर०४ हा अल्ट्रासॉनिक सेन्सर ५ व्होल्टवर चालतो, उनोही ५ व्होल्टचाच, त्यामुळे चार वायरी थेट जोडायच्या. सेन्सरने सोडलेला आवाज पाण्यावर आदळून परत यायला सेंटिमीटरमागे साधारण ५८ मायक्रोसेकंद लागतात. वेळेला ५८ ने भागलं की अंतर मिळालं. हा भागाकार स्वतः लिहून पडद्यावर आकडा हलताना बघण्यात जी मजा आहे, ती तयार अलार्म विकत घेऊन येत नाही. उणीव एकच: आर३ ला वाय-फाय नाही, म्हणजे गच्चीवरून खाली वायर ओढणं आलं.

ईएसपी३२ मध्ये वाय-फाय आणि ब्लूटूथ दोन्ही आहेत, वेग २४० मेगाहर्ट्झपर्यंत, अस्सल उनोपेक्षा सहसा स्वस्त, आणि प्रोग्राम उनोच्याच आर्डुइनो आयडीई या सॉफ्टवेअरमधून टाकता येतो. पण त्याच्या पिना ३.३ व्होल्टच्या. सेन्सरच्या एको पिनेतून (परतलेल्या आवाजाचा सिग्नल देणाऱ्या) ५ व्होल्ट येतात, ते थेट जोडू नका. एकोपासून बोर्डाच्या पिनेपर्यंत १ किलोओहमचा रेझिस्टन्स आणि त्याच पिनेपासून ग्राउंडला २ किलोओहमचा लावला की पिनेवर साधारण ३.३ व्होल्टच पोचतात. पुढे कुंड्यांसाठी ओलाव्याचा सेन्सर लावलात तर तो ३२ ते ३९ मधल्या पिनेवर घ्या. बाकीच्या अ‍ॅनालॉग (कमी-जास्त होणारं व्होल्टेज मोजणाऱ्या) पिना वाय-फाय सुरू असताना दगा देतात. माझी एक अख्खी संध्याकाळ नुसती वायरी तपासण्यात गेली होती.

बोर्ड कुठलाही घ्या, टाकीतल्या दमटपणात उघडा एचसी-एसआर०४ टिकत नाही. जेएसएन-एसआर०४टी हा वॉटरप्रूफ सेन्सर बसवा. त्याला अगदी जवळचं अंतर मोजता येत नाही, म्हणून भरलेल्या पाण्याच्या वर किमान २५ सेंटिमीटर जागा सोडा. मोटर आपोआप बंद करायचा विचार असेल तर बाजारातल्या छोट्या निळ्या रिलेवर (बोर्डाच्या सिग्नलने चालू-बंद होणाऱ्या स्विचवर) ती थेट चालवू नका. सुरू होताना मोटर कितीतरी जास्त करंट ओढते. रिलेने काँटॅक्टर (मोटरचा जास्त करंट झेलणारा मोठा स्विच) चालवा, आणि २३० व्होल्टची जोडणी वायरमनकडूनच करून घ्या.