गाढवांचे जंत: गोळी की पेस्ट?

भांडुपच्या टेकडीवर टेम्पो चढत नाही, तिथे आमची चार गाढवं विटा-रेती चढवतात. चरणाऱ्या गाढवांत बारीक स्ट्राँगाइल जंत जवळपास सगळ्यांच्याच पोटात असतात. त्यात पावसाळ्यात लीद वाळत नाही, अळ्या ओल्या गवतावर चढतात आणि पुन्हा पोटात जातात. गाढव सोसतं, दाखवत नाही. मी आधी काही वर्षं फेनबेंडाझोलच्या गोळ्या दिल्या, आता आयव्हरमेक्टिनची पेस्ट देतो. औषधं दोन्ही चांगली.

गोळी स्वस्त आणि गुरांच्या औषधांच्या दुकानात सहज मिळते. दीड ग्रॅमची गोळी २०० किलोच्या जनावराची, आमची गाढवं सव्वाशेच्या आसपास. म्हणजे मोडा, कुटा, गुळात कालवा, चपातीत गुंडाळा. आमची थोरली गाढवीण ती चपाती शहाण्यासारखी खायची. सकाळी घमेल्यात बघावं तर गूळ चाटूनपुसून साफ आणि पांढरा चुरा लाळेत तसाच! पोटात किती गेलं, खंडोबालाच ठाऊक. अर्धामुर्धा डोस गेला की औषधाला न जुमानणारे जंत तेवढे मागे उरतात, आणि बारीक स्ट्राँगाइल या गोळीला आधीच बऱ्याच ठिकाणी सरावलेत. बाटलीने पाजावं तर ठसका लागून औषध फुप्फुसात जायची भीती. मी कंटाळलो तो इथेच.

पेस्टची नळी पुढचे दात आणि दाढा यांच्या मधल्या मोकळ्या जागेतून सारायची, जिभेच्या मुळाशी दाबायची, हनुवटी क्षणभर वर धरायची. तोंडात चारा मात्र नको. घोड्याची नळी साधारण ६०० किलोला पुरते. दांड्यावरची कडी वजनावर लावली की आमची चारही उरकतात. किंमत ऐकून पहिल्यांदा पोटात गोळा येतो, शिवाय ती घोडेवाल्यांच्या ओळखीने मागवावी लागते. पण पायांच्या केसांना पिवळी अंडी चिकटवणाऱ्या माशीच्या अळ्या जठरात बसतात, त्यांना गोळी हात लावत नाही, पेस्ट लावते.

घरात शिंगरू असेल तर माझं ऐकू नका. त्याच्या पोटातल्या लांब पांढऱ्या जंतांवर पेस्ट अनेकदा चालत नाही. तिथे मीही डॉक्टरांना विचारून फेनबेंडाझोलच देतो. पट्टकृमींसाठी प्राझिक्वांटेल वेगळं लागतं.

काहीही द्या, दोन आठवड्यांनी ताजी लीद डबीत घालून त्यातली जंतांची अंडी मोजून घ्या. थोरली आता नळी दिसली की कान मागे टाकते, पण थुंकायला तिला काही मिळत नाही.