सहा पॅनलं, सहा इन्व्हर्टर आणि ७०,००० रुपये

२०२५ च्या पाडव्याला, म्हणजे ३० मार्चला, सकाळी नऊच्या सुमारास माझ्या दोन नंबरच्या सोलार पॅनलने मान टाकली. बाकीची पाच जोरात, हे एकटं निम्म्यावर. मोबाइल हातात घेऊनच गच्चीवर गेलो, तर गुढी! हिने दरवर्षीच्याच जागी, पूर्वेच्या कठड्याला बांधलेली. साडीची नि तांब्याची सावली बरोबर त्या पॅनलवर. सगळ्या पॅनलांना मिळून एक (स्ट्रिंग) इन्व्हर्टर घेण्याऐवजी पॅनलागणिक एक मायक्रोइन्व्हर्टर घेतला, त्याला ७०,००० रुपये जास्त मोजून काय मिळालं असं कुणी विचारलं, की मला पहिल्यांदा हे आठवतं. गुढीची सावली मोबाइलवर दिसते. त्याखेरीज काय मिळालं, त्याचा हा वर्षभराचा हिशेब.

मी एसटीतला. कराड आगारात गाड्यांची वायरिंग, सेल्फ, डायनामो यांत सगळी नोकरी झाली. त्यामुळे सोलारवाल्याने स्ट्रिंग इन्व्हर्टर म्हणजे काय ते सांगायला सुरुवात केली तेव्हा मला नवीन काही वाटलं नाही. बसला २४ व्होल्ट लागतात, म्हणून १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये जोडतात. त्यातली एक बसली की दुसरी कितीही चांगली असो, स्टार्टर हूं की चूं करत नाही. स्ट्रिंगमध्येही पॅनलं अशीच एकामागे एक माळेसारखी, आणि माळेच्या शेवटी भिंतीवर, पॅनलांचा डीसी घरातल्या एसीत बदलणारा एकच इन्व्हर्टर. मायक्रोत माळ नाही. प्रत्येक पॅनलच्या पोटाशी स्वतःचा छोटा इन्व्हर्टर, तिथल्या तिथे डीसीचा एसी, आणि खाली येते ती घरातल्यासारखी २३० व्होल्टची केबल.

"काका, तुमच्याकडे सावली आहे. स्ट्रिंग घेतलात तर एका पॅनलवर सावली पडली की सगळी माळ झोपणार," व्हेंडर म्हणाला. "मायक्रो घ्या, २५ ते ३० टक्के जादा निघेल." व्हेंडरचं आणि कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण पुढे थोडी तक्रार आहे.

सावली होती हे खरं. नैर्ऋत्येला शेजाऱ्याने वरचा मजला आणि त्यावर जिन्याची खोली चढवलीय. माझ्या पॅनलांपेक्षा ती भिंत चार मीटर उंच. डिसेंबरात भर दुपारी कराडला सूर्य ४९ अंशांवरच असतो, म्हणजे चार मीटरच्या भिंतीची सावली साडेतीन मीटर. दुपारी साडेतीनला ती दुप्पट होते. उलट मेच्या दुसऱ्या आठवड्यात सूर्य डोक्यावर येतो, तेव्हा दुपारी सावली पायाखालीच. थोडक्यात, माझी सावली दिवाळी ते होळी. तेव्हा मी हे एवढं मोजलं नव्हतं. मोजायला हवं होतं.

दोन कोटेशनं आली. पॅनलं दोन्हींत तीच: ५५० वॉटची सहा, देशात बनलेल्या सेलची (सेल म्हणजे पॅनलातले वीज बनवणारे तुकडे), कारण अनुदानाला तीच चालतात. स्ट्रिंगचे १,९५,०००. मायक्रोचे २,६५,०००. पंतप्रधान सूर्यघर योजनेतलं अनुदान दोन्हींना सारखंच, ७८,००० (पहिल्या दोन किलोवॉटला ३०,००० प्रमाणे आणि तिसऱ्याला १८,०००, त्यापुढे काही नाही). इथे एक बारीक गोष्ट बघून घ्या. अनुदान मोजताना पॅनलांची बेरीज आणि इन्व्हर्टरची क्षमता यांत जी कमी ती धरतात. माझे मायक्रो ५०० व्हीएचे (इथे वॉटच धरा), सहांचे बरोबर तीन किलोवॉट झाले म्हणून निभावलं. त्याहून लहान बसवले असते तर काही हजार गेले असते.

५५० च्या पॅनलला ५०० चा इन्व्हर्टर म्हणजे फसवणूक, असं मला आमच्या आगारातल्या एका मित्राने सांगितलं. तसं नाही. ५५० हा आकडा सेल २५ अंशांवर असतानाचा. त्यापुढे दर अंशाला साधारण ०.३५ टक्के घट. एप्रिलात कराडला काच हात लावू देत नाही. सेल ६५ अंशांना गेला तर १४ टक्के गेले, राहिले ४७३. थंडीतल्या एखाद्या स्वच्छ दुपारी ग्राफचा माथा सपाट होतो, एवढंच.

नोव्हेंबर २०२४ मध्ये काम झालं. नेट मीटर, म्हणजे आलेली आणि बाहेर दिलेली अशी दोन्हीकडची वीज मोजणारं, महावितरणने त्याच महिन्यात बसवलं. आणि त्याच आठवड्यात ओगलेवाडीला माझ्या धाकट्या भावाकडेही तीच सहा पॅनलं बसली, त्याच व्हेंडरकडून, पण स्ट्रिंगवर. भावाची गच्ची मोकळी, आजूबाजूला ऊस. त्याने कोटेशन बघितलं आणि म्हणाला, "दादा, तुझ्याकडे पेन्शन आहे, तू कर प्रयोग." त्यामुळे तुलनेला आयतंच घर मिळालं.

डिसेंबर ते नोव्हेंबर, पूर्ण वर्षाचे आकडे असे. भावाकडे ४,४२० युनिट. माझ्याकडे ४,१५०.

जादा इन्व्हर्टर माझ्याकडे आणि जादा वीज त्याच्याकडे! तो हे दर रविवारी ऐकवतो. पण सावली माझ्या गच्चीवर आहे, तेव्हा हे आकडे नुसते शेजारी ठेवून चालणार नाही. पॅनलवार फोड केली. सावली न लागणाऱ्या चार पॅनलांचे मिळून २,९३०, म्हणजे प्रत्येकी ७३२. भावाच्या पॅनलांची सरासरी ७३७. सूर्य दोघांना सारखाच. चारांतलं एक जुलैत तीनेक आठवडे बंद होतं (ते पुढे येतं), ते धरलं तरी सावली नसलेल्या पॅनलला मायक्रोने सांगण्यासारखं काही वाढवून दिलं नाही. पाच नंबरचे ६४०, सहा नंबरचे ५८०. सावलीने खाल्ले एकूण २४४.

आता खरा प्रश्न. माझ्याच गच्चीवर स्ट्रिंग असता तर आणखी किती गेले असते? "माळ झोपते" हे व्हेंडरचं वाक्य अर्धंच खरं आहे. प्रत्येक पॅनलच्या पाठीमागच्या डबीत बायपास डायोड असतात, बहुधा तीन. सावलीतला भाग करंट अडवायला लागला की डायोड त्याला वळसा घालून वाट देतो. बसच्या बॅटरीला ही सोय नव्हती, म्हणून माझी उपमाही अर्धीच खरी होती. पाच नि सहा नंबर सावलीत गेले तर चांगला इन्व्हर्टर ते दोन्ही वगळून उरलेल्या चारांवर चालतो. चारांचे मिळून १६० च्या वर व्होल्ट होतात, आजकालच्या इन्व्हर्टरना तेवढे पुरतात. म्हणजे स्ट्रिंगमध्ये बुडालं असतं ते एवढंच: सावलीतही आभाळाच्या उजेडावर ती दोन पॅनलं जे थोडंफार देतात ते. माझ्या ग्राफवर ते उन्हातल्याच्या पाव भागाएवढं दिसतं. म्हणजे वर्षाला ८० ते ९० युनिट. कडेकडेने सरकणाऱ्या अर्धवट सावलीत इन्व्हर्टर चुकीच्या जागी, म्हणजे पूर्ण वीज मिळत नाही अशा व्होल्टवर, अडकतो, त्याचे धरून उदार मनाने २०० म्हणू. युनिटला १० रुपये धरले तर वर्षाला २,०००.

७०,००० भागिले २,०००. पस्तीस वर्षं. पॅनलाची वॉरंटी २५ वर्षांची, आणि माझी तर त्याहून बरीच कमी.

पैशांचा मुद्दा माझ्यापुरता इथेच संपतो. पण गोष्ट नुसती पैशांची नसते, आणि इथे मी वायरमन म्हणून बोलतो.

भावाकडे गच्चीवरून तळमजल्यापर्यंत जी लाल-काळी वायर येते, तिच्यात सहा पॅनलांचे मिळून मोकळ्या स्थितीत (पुढे काही चालू नसताना) ३०० च्या आसपास व्होल्ट असतात. डीसी. एसीचा स्पार्क सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, म्हणून विझायला बघतो. डीसीचा विझत नाही, ओढत राहतो. २४ व्होल्टच्या बॅटरीवर पाना आडवा पडून वितळलेला मी बघितलाय, ३०० ची कल्पना करा. आणि ऊन आहे तोवर ती वायर बंद करायला तुमच्याकडे बटण नाही. खालचा डीसी स्विच पाडला तरी वरची वायर जिवंतच. माझ्याकडे प्रत्येक पॅनलखाली फार तर ५० व्होल्ट, आणि खाली येणारी केबल मेन पाडला की थंड. आमच्या आठ फुटी स्ट्रक्चरखाली ही उन्हाळ्यात कुरडया घालते, सुट्टीत नातवंडं तिथेच लोळतात. उंदराने वायर कुरतडली तर काय, हा विचार मला रात्री येत नाही. याचे ७०,००० होतात का? होत नाहीत. नीट पाइपातून ओढलेली चांगली डीसी केबल, घट्ट बसवलेले कनेक्टर आणि बरं अर्थिंग, यात भावाचंही घर सुरक्षित आहे. त्याचं काम मी स्वतः उभं राहून करून घेतलं. पण काहीतरी होतं, हे खरं.

मग आला जुलै. चार नंबर बंद. आधी वाटलं ढग, पण ढग एकट्या चार नंबरवर कसा थांबेल? मायक्रो गेलेला. मायक्रोचा मोठेपणा सांगतात तो इथे दिसला: उरलेली पाच चालूच राहिली. भावाचा एकुलता इन्व्हर्टर गेला असता तर त्याचं शून्य. पण बदलायची कहाणी ऐका. वॉरंटीत होता, नग फुकट. तो यायला तीन आठवडे. बसवायला दोन मुलं, पावसात, आठ फुटी स्ट्रक्चरवर, पॅनल उचलून खालून काढायचा. त्याची मजुरी २,५०० वॉरंटीत नाही, हे मला तेव्हा कळलं. कोटेशनवर "रिप्लेसमेंट वॉरंटी" लिहिलंय, म्हणजे नगाची, हाताची नाही. तुम्ही घेणार असाल तर हे आधी लिहून घ्या. स्ट्रिंग इन्व्हर्टर गेला की बदलणारा जमिनीवर उभा राहून चार स्क्रू काढतो.

एक गेला म्हणून सगळे वाईट असं मी म्हणत नाही. तरी एक शंका राहते. इलेक्ट्रॉनिक वस्तू उष्ण जागी लवकर म्हातारी होते, हे गाड्यांच्या रेग्युलेटरवर आयुष्यभर बघितलं. भावाचा इन्व्हर्टर जिन्याखाली सावलीत गारव्याला आहे. माझे सहा जण तापलेल्या पॅनलच्या पोटाला चिकटून.

आणि लाइट गेली तर? मेमध्ये वळवाने झाड पडलं, दुपारभर लाइट नव्हती. ऊन परत कडक पडलेलं. खालचे देशपांडे विचारतात, "तुमच्याकडे सोलार ना, मग पंखा का बंद?" मायक्रो असो की स्ट्रिंग, ग्रिड गेली की दोन्ही बंद पडायलाच हवेत. नाहीतर खांबावर चढलेल्या वायरमनच्या हातात तुमच्या गच्चीवरची वीज जाईल. बॅटरी आणि तिची वेगळी जोडणी केल्याशिवाय सहसा पंखा फिरत नाही. मायक्रोवर लाइट गेल्यावरही घर चालतं असं कुणी मोघम सांगत असेल तर त्याला कोटेशनमध्ये लिहून मागा.

ॲपविषयी मात्र वाईट बोलवत नाही. सकाळी चहाबरोबर सहा आकडे बघणं हे आता व्यसन झालंय. एक नंबर सतत मागे राहिला म्हणून बघितलं तर कावळ्याची कृपा. भाऊ पॅनल धुतो ते आठवण झाली की. मी धुतो ते आकडा बघून. त्याला फक्त एकूण बेरीज कळते.

मायक्रो कुणी घ्यावा? देवरूखला माझे व्याही आहेत. कौलारू घर, दोन उतार, एकीकडे फणस, दुसरीकडे माड. दोन पॅनलं पूर्वेला आणि तीन पश्चिमेला, एवढीच जागा. माडाच्या झावळ्यांची सावली दिवसभर एकावरून दुसरीवर फिरते. तिथे माळ करायचीच कुठून? त्यांना मी मायक्रोच सांगितला, आणि मनापासून सांगितला.

माझ्यासारखी एका बाजूची, ठरावीक महिन्यांची, दोन पॅनलांपुरती सावली असेल तर मधली वाट आहे. स्ट्रिंगच घ्या आणि त्या दोन पॅनलांखाली ऑप्टिमायझर लावा, म्हणजे सावलीतल्या पॅनलाला बाकीची माळ न अडवता चालू ठेवणारी छोटी डबी. काही कंपन्यांचे ऑप्टिमायझर हवे तेवढ्याच पॅनलांना लावता येतात. मला दोन नगांचे बसवून १०,००० सांगितले, पण केव्हा? सगळं झाल्यावर. पहिल्या दिवशी व्हेंडरने ह्याचं नावही काढलं नव्हतं. आज परत करायचं असतं तर मी हेच केलं असतं.

आणि ते करण्याआधी डिसेंबरातला एक रविवार काढला असता. खडू घेऊन सकाळी आठ ते संध्याकाळी पाच, दर तासाला गच्चीवर सावलीची कड आखायची. दीड रुपयाचा खडू. टाकीची सावली असेल तर प्लंबर बोलावून टाकीच हलवावी. ७०,००० त तर नवीन टाकी येऊन वर चार पाहुणे जेवतील.

परवा नैर्ऋत्येचा शेजारी आला. त्याच्याकडे आता सोलार बसतंय, त्याच व्हेंडरने त्यालाही मायक्रोचं कोटेशन दिलंय. काय करू म्हणाला. त्याला घेऊन त्याच्याच गच्चीवर गेलो. मोकळीढाक, सदाशिवगडापर्यंत सगळं दिसतं. स्ट्रिंग घे म्हटलं. तुझ्यावर कुणाची सावली पडत नाही, तुझी फक्त माझ्यावर पडते.